जुने क्वार्ट्झ घड्याळ कोण दुरुस्त करील?



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून मोठमोठ्या विषयांचा ऊहापोह होत असतो. माझा आजचा विषय त्या मानाने मनगटाएवढा आहे. घरातले तीस-चाळीस वर्षांचे जुने सेलचे घड्याळ बंद पडले, तर ते दुरुस्त करणारा जाणता कारागीर शोधायचा कसा, एवढाच प्रश्न मी मांडणार आहे. मी पुस्तकी विद्वान नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, कामगारांच्या संगतीत आणि मिळतील ती पुस्तके वाचून झाले. तेव्हा जे सांगायचे ते साध्या भाषेतच सांगेन.

कामगार चळवळीतल्या माणसाला घड्याळाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे, की कामगाराचा अर्धा लढा घड्याळाशीच झालेला आहे. मुंबईच्या गिरण्यांत उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, त्या काळी वेळ मोजण्याचे साधन मालकाच्या हाती होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना एकत्र आणले आणि १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुटी पदरात पाडून घेतली. पुढे मुंबईची स्थानिक वेळ सोडून प्रमाण वेळ लावण्याचे ठरले, तेव्हा १९०६ च्या जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी माग बंद केले. प्रमाण वेळ मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढे होती, म्हणजे कामगाराला तेवढे आधी उठावे लागणार होते. अशा कामगाराच्या मनगटावर स्वतःचे घड्याळ आले, ही लहानसहान गोष्ट नव्हे. पाळी केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली, हे त्याला भोंग्यावाचून सांगता येऊ लागले. निवृत्त होणाऱ्या सोबत्याला वर्गणी काढून घड्याळ देण्याची चाल आपल्याकडे पडली, तिचे मूळ मला यातच दिसते. आज अशी कितीतरी घड्याळे आपल्या जिल्ह्यांतील घरांत ट्रंकेच्या तळाशी बंद होऊन पडली आहेत.

सेलचे घड्याळ चालते कसे?

आपल्याकडे घड्याळाच्या दोन जाती मानतात: चावीचे घड्याळ आणि सेलचे घड्याळ. चावीच्या घड्याळात गुंडाळलेली कमान हळूहळू उलगडते आणि तिच्या जोरावर चाके फिरतात. सेलच्या घड्याळात कमानीऐवजी विजेचा सेल असतो आणि वेळेचे माप स्फटिक देतो. हा स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ, आपल्या गारगोटीच्याच जातीचा. फ्रान्समधील प्येर आणि झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली दाखवून दिले, की अशा स्फटिकावर दाब दिला तर वीज उपजते. उलट, त्याला वीज दिली तर तो थरथरतो, हेही लवकरच सिद्ध झाले. त्या थरथरण्याची गती फारशी ढळत नाही. १९२७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन यांनी या तत्त्वावरचे पहिले घड्याळ केले. ते मनगटावर यायला आणखी बेचाळीस वर्षे लागली. जपानच्या सेइको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी ‘अ‍ॅस्ट्रॉन’ नावाचे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस काढले. त्याची किंमत साडेचार लाख येन होती.

आता त्याच्या पोटातली व्यवस्था पाहू. पुढे रूढ झालेल्या घड्याळांत स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. एकाची पंधरा वेळा दुप्पट करीत गेले की ३२,७६८ येतात. म्हणून उलट दिशेने, पंधरा वेळा निम्मे करीत आले की सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. हे निम्मे करण्याचे काम इवल्याशा विद्युत्मंडलाचे. तो ठोका केसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यात जातो. यालाच कॉइल म्हणतात. कॉइलमुळे एक चिमुकले लोहचुंबक अर्धा फेरा फिरते, त्याने चाके ढकलली जातात आणि सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो. ही मोटर मारियस लावे या फ्रेंच अभियंत्याने १९३६ साली योजली होती. चावीचे चांगले घड्याळही दिवसाला काही सेकंद मागेपुढे होते. साधे सेलचे घड्याळ महिन्याला पंधरा सेकंदांच्या आसपास चुकते.

इतके सांगण्याचे कारण असे, की सेल, विद्युत्मंडल, कॉइल आणि चाके हे चार टप्पे ध्यानी आले म्हणजे बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे, हा प्रश्न आपल्याला विचारता येतो. ज्याला प्रश्न विचारता येतो, त्याला कारागिराची पारख करता येते.

घड्याळे पोरकी कशी झाली?

भारत सरकारच्या एच.एम.टी. कारखान्याने १९६१ साली बंगलोरला, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने, मनगटी घड्याळे करण्यास आरंभ केला. पुढे तुमकूरला आणि हिमालयाच्या पायथ्याशी राणीबागलाही कारखाने निघाले. प्रारंभी सगळी चावीची घड्याळे. ऐंशीच्या दशकात एच.एम.टी.ची क्वार्ट्झ घड्याळेही बाजारात आली. १९८४ साली टाटा आणि तामिळनाडूचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी मिळून टायटन कंपनी स्थापली आणि होसूरचा कारखाना उभा राहिला. तिने क्वार्ट्झवरच भर दिला. हैदराबादच्या ऑल्विननेही सेइकोच्या सहकार्याने घड्याळे काढली. आज जुने सेलचे घड्याळ म्हणून आपल्या हाती येते, ते बहुधा यांपैकी एखादे किंवा परदेशाहून कोणी आणलेले जपानी.

क्वार्ट्झने काहींना काम दिले, तसे काहींचे काढूनही घेतले. स्वित्झर्लंडच्या घड्याळ धंद्यात १९७० च्या सुमारास नव्वद हजारांच्या आसपास माणसे होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ती तीस हजारांच्या थोडी वर उरली. आपल्याकडे तो फेरा उशिरा आला. १९९१ नंतर बाजार खुला झाला, स्वस्त माल आला, पुढे खिशातल्या मोबाइलमध्ये घड्याळ आले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. तुमकूरच्या कारखान्याची जमीन अवकाश संशोधन संस्थेकडे गेली.

कारखाना बंद होतो तेव्हा कामगार घरी जातो, एवढे आपल्याला दिसते. त्याच्या मागोमाग सुटे भागही जातात, हे लगेच दिसत नाही. त्या मशीनची कॉइल पुन्हा निघत नाही, चाक निघत नाही, आणि कोणत्या क्रमांकाला कोणता भाग चालतो हे तोंडपाठ असलेला माणूसही म्हातारा होतो. जुने घड्याळ दुरुस्त होत नाही ते पुष्कळदा याच कारणाने. त्यात असाध्य असे काही नसते. भाग आणि हात मिळत नाहीत, एवढेच.

काय बिघडते?

कारागिराकडे जाण्यापूर्वी घरी दोन गोष्टी पाहाव्या. एक, चावी बाहेर ओढलेली राहिली आहे काय. बाहेर असेल तर काटे थांबणारच. दुसरी, घड्याळ मोबाइलजवळ किंवा एखाद्या ध्वनिवर्धकाजवळ ठेवलेले आहे काय. तेथील लोहचुंबकामुळे आतली चिमुकली मोटर अडते आणि घड्याळ दूर नेले की पुन्हा चालू लागते. शिवाय काही घड्याळांत सेल संपत आला की सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांची उडी मारू लागतो. लोक ते बिघाड समजतात. वस्तुतः ती कारखान्याने ठेवलेली सूचना आहे.

याउपर पाच दुखणी नेहमीची. सेल संपणे हे पहिले. सेल गळून आतील पितळी पट्ट्या हिरव्या पडणे हे दुसरे. हे सर्वांत अधिक आढळते, आणि बंद घड्याळात जुना सेल तसाच राहू दिल्यामुळे होते. तिसरे, वंगण वाळून चिकट होणे. अशा वेळी ठोका पडतो पण चाक हलत नाही. चौथे, कॉइलची तार तुटणे. सेल बदलताना स्क्रूड्रायव्हर निसटला तरी ती तुटते. पाचवे, विद्युत्मंडल किंवा स्फटिक निकामी होणे. यांपैकी पहिली तीन दुखणी कुशल हाताने बरी होतात. चौथ्या-पाचव्याला त्याच क्रमांकाच्या मशीनचा भाग लागतो.

तीन प्रकारचे दुकानदार

घड्याळाच्या दुकानावर पाटी एकच असली तरी आत तीन निरनिराळी माणसे असू शकतात. पहिला सेल बदलणारा. त्याचे काम खोटे नाही, पण ते तेथेच संपते. दुसरा मशीन बदलणारा. तो जुने मशीन काढून बाजारात मिळणारे नवे तयार मशीन बसवतो. तिसरा मशीन सोडवणारा. तो भिंग डोळ्याला लावून एकेक चाक वेगळे करतो, धुतो, कॉइल मोजतो आणि पुन्हा जुळवतो. आपल्याला शोधायचा तो हा तिसरा.

दुसऱ्या प्रकारावर मी बहिष्कार घालायला सांगत नाही. रोज शेतावर वापरायचे घड्याळ असेल, तर नवे मशीन बसवणे स्वस्तही पडते आणि टिकतेही. मात्र ते आंधळेपणाने होत नाही. काट्यांची भोके, तबकडीचे पाय, चावीच्या दांडीची लांबी आणि तारखेची खिडकी ही सारी जुळावी लागतात. नाही जुळली तर काटेही बदलले जातात आणि तबकडीचे पाय कापले जातात. मग जुन्या घड्याळाचे नुसते कवच उरते. मार्कंड्याला उत्तरवाहिनी वैनगंगेच्या काठी आपण शिवरात्रीला जातो, तेथील मंदिरसमूहाची नोंद कनिंगहॅमने दीडशे वर्षांपूर्वीच आपल्या अहवालात केली आहे. त्या मंदिराचा जीर्णोद्धार म्हणजे जुना दगड शक्यतो त्याच्याच जागी बसवणे, हे तिथल्या यात्रेकरूला सांगावे लागत नाही. शिल्पाचा दगड फेकून तेथे विटांची भिंत बांधली तर छप्पर उभे राहील, मंदिर राहणार नाही. आठवणीचे घड्याळ असेल तर हाच विवेक बाळगावा.

एक उदाहरण सांगतो. कागद गिरणीतून निवृत्त होऊन चामोर्शीच्या बाजूला गावी स्थायिक झालेल्या एका वृद्ध सोबत्याजवळ १९८९ साली खात्यातील लोकांनी वर्गणीतून दिलेले क्वार्ट्झ घड्याळ होते. झाकणाच्या आत त्याचे नाव कोरलेले. ते बंद पडले. एका दुकानात सेल बदलला, चालले नाही. दुसऱ्यात मशीन बदलण्याचा सल्ला मिळाला. तिसऱ्यात सांगितले, “बाबाजी, फेकून द्या, एवढ्या पैशात नवं येते.” अखेर चौकशी करीत करीत चंद्रपूरला एका जुन्या घड्याळजीकडे आम्ही पोहोचलो. त्याने भाव सांगितला नाही, आधी विचारले, “काकाजी, बंद कधी पडलं? पाण्यात गेलं होतं का जी?” मग झाकण उघडून मीटर लावला. काटा हलला नाही. “कॉइल तुटली. मशीन चांगलं आहे.” त्याच्या टेबलाखाली मोडक्या घड्याळांचा पत्र्याचा डबा होता. त्यातून त्याने त्याच क्रमांकाचे एक मेलेले मशीन शोधून काढले, त्याची कॉइल मोजली, ती बसवली, आणि सगळे मशीन धुऊन जुळवले. अडीच तास गेले. त्याने अडीचशे रुपये मागितले. आमचा सोबती म्हणाला, “भाऊ, भाग तर भंगारातला ना?” घड्याळजी म्हणाला, “भाग भंगारातला जी, डोळे माझे आहेत.” सोबती आयुष्यभर मजुरीच्या दरासाठी झगडलेला. त्याने मुकाट्याने पैसे काढून दिले.

शोध कसा घ्यावा?

मार्कंड्याच्या परिसरातील माणसाला हा शोध शहरातल्यापेक्षा महाग पडतो. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे स्थानक वडसा-देसाईगंजला. चंद्रपूर-नागपूरला जायचे म्हणजे मजुराचा दिवस बुडतो, वर बसभाडे. म्हणून हेलपाटा घालण्यापूर्वीच तयारी करावी.

पहिली पायरी अशी: जवळच्या दुकानात झाकण उघडून घ्यावे आणि मशीनवर कोरलेला क्रमांक उतरवून घ्यावा. झाकणाच्या बाहेरचा क्रमांक बहुधा कवचाचा असतो, त्याचा उपयोग थोडा. मशीनचा क्रमांक म्हणजे घड्याळाचे खरे नावगाव. त्याचे मोबाइलने स्वच्छ छायाचित्र घ्यावे. सेल गळला असल्यास तो तेव्हाच काढून टाकावा.

दुसरी पायरी: दुकानाची झगमग न पाहता जुन्या बाजारपेठेत चौकशी करावी. चंद्रपूर, बल्लारपूर, नागपूरची सीताबर्डी आणि इतवारी अशा ठिकाणी नव्या घड्याळांच्या दुकानदारालाच विचारावे, “तुमच्याकडे अवघड काम आले तर तुम्ही कोणाकडे पाठवता?” या एका प्रश्नाने जितका पत्ता लागतो, तितका जाहिरातीने लागत नाही. दुकानदार स्वतः दुरुस्ती करीत नसला, तरी ती करणारा कोण हे त्याला ठाऊक असते. कंपनी चालू असेल तर तिच्या सेवाकेंद्रातही विचारावे. फार जुन्या मशीनचे भाग त्यांच्याकडे नसले, तर तसे स्पष्ट सांगण्याचा आग्रह धरावा.

तिसरी पायरी: कारागिराला फोनवर चार गोष्टी विचाराव्या. कॉइल मीटरने मोजाल काय? मशीन सोडवून धुवाल काय? भाग बदलला तर जुना परत द्याल काय? मशीनच बदलण्याची वेळ आली तर आधी विचाराल काय? जाणता माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. उलट तोच आपल्याला मशीनचा क्रमांक विचारतो. घड्याळ न पाहताच “होऊन जाईल” म्हणणाऱ्यापासून आणि न उघडताच “संपले” म्हणणाऱ्यापासून सारखेच दूर राहावे. शिवणयंत्राचे तेल सोडणाऱ्यापासून तर फारच दूर.

चौथी पायरी: त्याच क्रमांकाचे एखादे बंद घड्याळ नातलगांत, शेजारी, भंगारवाल्याकडे मिळते काय ते पाहावे. एका मेलेल्या घड्याळाने दुसरे जगते. टपालाने पाठवायचे असेल तर सेल काढून, कापसात गुंडाळून, विमा उतरवून स्पीड पोस्टाने पाठवावे आणि आधी आतील व बाहेरील छायाचित्र काढून ठेवावे.

कारागिराचा हिशेब

येथवरचे सारे ग्राहकाच्या बाजूने झाले. आता टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाकडे पाहू, कारण तो उरला नाही तर वरच्या चारही पायऱ्या व्यर्थ आहेत.

हा घड्याळजी कोणत्याही कारखान्याच्या हजेरीपटावर नाही. त्याला पाळी नाही, बोनस नाही, फंड नाही. केंद्र सरकारने २६ ऑगस्ट २०२१ रोजी असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू केली. तिची वयोमर्यादा १६ ते ५९. आपण ज्याला शोधतो आहोत तो कसबी घड्याळजी बहुधा साठी ओलांडलेला असतो. म्हणजे ज्याच्याजवळ विद्या आहे, तोच नोंदीबाहेर. त्याच्या मुलाने हा धंदा घेतला नाही, याचे आपल्याला नवल वाटू नये. दोन तासांच्या कामाला आपण सेलच्या किमतीएवढे पैसे देऊ केले, तर कोणता मुलगा बापाच्या टेबलाशी बसेल? आपण भागाचे पैसे देतो आणि तासांचे विसरतो. कारखान्यात हीच गोष्ट मालकाने केली तर आपण घोषणा देतो.

सरकारी पातळीवर दुरुस्तीच्या हक्काची चर्चा सुरू झाली आहे. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी एक संकेतस्थळ उघडले. प्रारंभी शेतीची अवजारे, मोबाइल व तत्सम साधने, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही क्षेत्रे घेतली. मनगटी घड्याळ त्यांत नाही. सुटे भाग आणि माहितीपत्रके बाहेरच्या कारागिरालाही मिळावीत, हे त्यामागचे तत्त्व रास्त आहे. एखादा कारखाना बंद करताना त्याच्या मालाचे उरलेले भाग आणि नकाशे भंगारात न काढता दुरुस्ती करणाऱ्यांच्या हाती द्यावेत, ही मागणी कामगार संघटनांनीही आपल्या पत्रकात घालावी, असे मला वाटते. कारखाना वाचवण्याच्या लढाईत आपण हरलो, तरी कसब वाचवण्याची लढाई उरतेच.

तोवर प्रत्येकाला करता येईल असे थोडके सांगतो. घरी जा, ट्रंक उघडा आणि बंद घड्याळातला जुना सेल आजच काढून टाका. दुरुस्ती पुढे केव्हाही होईल, पण गळालेला सेल थांबत नाही. मोडकी घड्याळे कचऱ्यात न टाकता घड्याळजीच्या डब्यात नेऊन द्या. आणि त्याने काम चोख केले, तर त्याच्या तासांची मजुरी घासाघीस न करता द्या. गावातल्या एखाद्या पोराचे डोळे चांगले आणि हात स्थिर असतील, तर त्याला त्या टेबलाजवळ सहा महिने बसवता येते का, हेही विचारून पाहा. जाणता कारागीर कोठे आहे, हे आज आपण दहा जणांना विचारतो. अशी दहा-वीस पोरे शिकली, तर आपल्या नातवंडांना ते विचारीत हिंडावे लागणार नाही.